तुळसाचा जबाब

नाटे गावच्या बंदरावर तुळसा मासळी घेऊन बसली की भाव करायला येणारा माणूस आधी घसा साफ करायचा. भाव तिचा इतर बायकांसारखाच असे. तोंड मात्र तिचं एकटीचं होतं. एकदा पोस्टमास्तरांनी सरंग्याचा कल्ला वर करून आत पाहिलं, वास घेतला, तो ठेवून दुसरा उचलला. तुळसा म्हणाली, "मास्तरांनू, ही काय लोकांची पत्रां नाय उघडून बघूक. होया तर घेवा." त्यानंतर महिनाभर पोस्टमास्तरांची बायको मासळीला येत होती.

अंगानं काटक. वय पस्तिशीच्या अलीकडे. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एवढं मोठं कुंकू बंदरावर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. आणि तिच्या पाठीमागे कुजबुज व्हायची ती त्या कुंकवावरूनच, कारण तिचा नवरा गंगाराम खाडीत गेला त्याला दोन वर्षं होत आली होती.

तो गेला १९८१ साली, कार्तिकात. पलीकडच्या काठावरून लग्नाची माणसं घेऊन एक होडी येत होती. ओहोटी लागली होती. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. तिथे पाणी उलटं फिरतं. होडी तिथे आडवी झाली आणि पालथी पडली. गंगाराम किनाऱ्यावर जाळं शिवत बसला होता. त्यानं सुई जाळ्यातच टोचून ठेवली आणि पाण्यात शिरला. पहिल्या खेपेला एक बाई आणली. दुसऱ्या खेपेला तिची जाऊ. तिसऱ्या खेपेला पलीकडच्या शाळेचे मास्तर. मास्तर वाळूवर पडून पाणी ओकत होते, तोवर गंगाराम चौथ्यांदा आत गेला. बाकीची माणसं पालथ्या होडीला धरून होती. त्यांना दुसऱ्या होडीनं काढलं. चौथ्या खेपेला कोण उरलं होतं म्हणून तो गेला, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. सहा दिवस होड्या फिरल्या. काही मिळालं नाही.

तुळसा तेव्हा काठावर उभी होती. दांड्याच्या पलीकडे त्याचं डोकं दोनदा वर आलं. तिसऱ्यांदा आलं नाही. तिला जे कळायचं ते तिथेच कळलं. ती रडली. उपाशी राहिली. अकराव्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन बंदरावर गेली. कुंकू लावून गेली.

ते कुंकू तिच्या कपाळावर असलं तरी तिचं नव्हतं. ते सासूचं होतं. भागूबाई सत्तरीच्या पलीकडची. नवरा दम्यानं गेलेला. गंगाराम एकुलता. तिनं सुनेला तिसऱ्याच दिवशी बजावलं होतं, "अंग गावला नाय. अंग गावल्याबिगर माणूस मेलो म्हणूचा नाय."

त्यांच्या घराण्याचा रिवाज तसा होता. दर्यात गेलेल्याचं अंग हाती लागलं नाही तर बारा वर्षं वाट बघायची. तोवर बायकोनं कुंकू पुसायचं नाही, बांगडी उतरवायची नाही. बारा वर्षं भरली की दर्भाचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मग रडायचं. बारा वर्षांनी कुणाला रडू येतं, हे रिवाज घालून देणाऱ्यांनी विचारलेलं नसावं. रोज सकाळी तुळसा निघाली की भागूबाई तिच्या कपाळाकडे बघायची. कुंकू दिसलं की म्हातारीचा दिवस सुरू व्हायचा. तुळसाला हे ठाऊक होतं. म्हणून ती ते मोठं लावायची. म्हातारीला मोतीबिंदू होत होता.

गावाला ही गोष्ट पुरली नाही. मेलेल्या माणसाबद्दल बोलायला फार नसतं. पळालेल्याबद्दल रोज काहीतरी निघतं. वर्ष उलटायच्या आत बंदरावर ठरून गेलं की गंगाराम बुडालाच नाही. तो पोहत पलीकडच्या काठाला लागला आणि तसाच ओल्या कपड्यांनी मुंबईला गेला. ससून डॉकवर बर्फाच्या गाडीवर आहे. एक बाई ठेवली आहे. कुणी पाहिलं? पाहणारा नेहमी कुणाचातरी भावजी असायचा.

"तुझ्या भावजीक सांग," तुळसा म्हणायची, "परत दिसलो तर धरून ठेव. माका कळव. मी येतंय न्हेऊक. आणि भावजीक विचार, तो थंय बर्फात काय करीत होतो?"

बायका हसायच्या. हसून झालं की पुन्हा तेच बोलायच्या. तुळसाला बाईचा राग नव्हता. नसलेल्या बाईचा कसला राग. तिला चीड यायची ती दुसऱ्याची. तीन माणसं काढून मेलेला माणूस या लोकांनी पळपुटा केला होता. कुणीतरी कुठेतरी हे लिहून ठेवावं, की गंगाराम मेला आणि असा मेला, एवढं एकच तिला हवं होतं. लिहिलं की तोंडं बंद होतात, असा तिचा समज होता. ती चौथीपर्यंत शिकली होती.

तिची ही इच्छा बरोबर हेरली ती महिपतनानांनी. नाना कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. गावाच्या वरच्या आळीत त्यांचं घर. घरात शिरताच समोर भिंतीवर काचेत एक सनद. इंग्रज सरकारनं नानांच्या आजोबांना रावसाहेब केलं, त्याची. पहिल्या महायुद्धाच्या वेळी आजोबांनी आसपासच्या गावांतून सव्वीस तरुण पलटणीत भरती करून दिले. त्यातले नऊ परत आले. रावसाहेबी मात्र पुरती आली. सनदेखालच्या खिळ्यावर तिला झटकायचं फडकं टांगलेलं असे. नानांच्या आयुष्याची खंत एकच होती. त्यांना स्वतःला पस्तीस वर्षांच्या नोकरीत घड्याळसुद्धा मिळालं नव्हतं. निरोपाला नारळ मिळाला.

१९८३ च्या पावसाळ्यात एक दिवस नाना छत्री घेऊन तुळसाच्या पडवीत आले.

"तुळसा, गंगारामाला पदक मिळालं पाहिजे."

"कसला?"

"जीवनरक्षा पदक. बुडणाऱ्याला, आगीत सापडलेल्याला वाचवतो त्याला देतात. एकसष्ट सालापासून आहे. दिल्लीहून येतं. आपल्या बंदरावर कुणाला मिळालेलं नाही."

तुळसा कोलंबी सोलत होती. थांबली नाही.

"मेल्ल्याक देतत?"

"देतात. मरणोत्तर. आता देतात." नाना पाटावर नीट बसले. ही विद्या त्यांनी कचेरीतल्या जुन्या गॅझेटांमधून जमवली होती आणि ती ऐकायला गावात कुणी नव्हतं. "चोपन्न साली भारतरत्न सुरू झालं तेव्हा मेलेल्याला द्यायची सोयच नव्हती. पंचावन्नात ती केली. आधी ते पदक गोल ठरलं होतं. वर्षात त्याचं पिंपळाचं पान केलं. पद्म पुरस्कारांना तर नावंही नव्हती. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग."

"गाडीच्या डब्यासारखे."

"हां, तसंच. मग विभूषण, भूषण, श्री अशी नावं ठेवली. आणि लक्षात घे, हे किताब नव्हेत. किताब इंग्रजांचे. रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर. घटनेनं किताब बंद केले. हे पुरस्कार. नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत."

"मग खंय लावतत?"

"भिंतीवर," ते म्हणाले.

तुळसानं कोलंबीची सालं एका बाजूला लोटली. नानांनी जीवनरक्षा पदकाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं.

"नुसता म्हणजे?"

"नुसतं जीवनरक्षा पदक."

"म्हणजे जीव वाचवल्यान, पण उत्तम नाय वाचवल्यान."

"तसं नव्हे गं. धोका किती होता त्यावर ठरतं."

"मेलो तो. आणखी किती धोको होयो?"

"म्हणून तर सर्वोत्तम मागायचं!" नाना खूष झाले. "त्याच्यावर हाताचा पंजा आहे, अभय देणारा. वर लिहिलंय, 'मा भैषीः'. म्हणजे भिऊ नकोस."

"ता कोणाक सांगता?" तुळसानं विचारलं. "बुडता त्याका, काय काढता त्याका?"

नानांनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

तुळसाला पदकाचं काही वाटलं नाही. तिला आवडली ती एकच गोष्ट. पदकाबरोबर कागद येतो आणि त्यावर काय घडलं ते छापलेलं असतं, असं नाना म्हणाले. ती म्हणाली, "करा तुमचो अर्ज."

नानांनी अर्ज असा केला की वाचून गंगारामाला स्वतःची ओळख पटली नसती. 'उचंबळत्या सागराच्या कराल दाढेत' असं त्यात होतं. मास्तरांचा जबाब जोडला. दोन्ही बायकांचे अंगठे जोडले. गौरी-गणपती झाल्यावर सर्कलसाहेब चौकशीला आले. पडवीत बसले, चहा घेतला, तुळसाला चार प्रश्न विचारले. भागूबाई दाराशी बसून सगळं ऐकत होती, म्हणून तुळसानं उत्तरं अर्धवट दिली. साहेब तिच्या कपाळाकडे बघत होते. महिन्यानं नानांनी कचेरीतून त्यांच्या अहवालाची नक्कल आणली आणि ओटीवर उभं राहून वाचली. 'अर्जदार स्त्री सौभाग्यलेणी बाळगून आहे. सबब पती मयत असल्याबाबत संशयास जागा आहे.'

"घ्या," नाना म्हणाले. "तुझ्या कुंकवानं घात केला."

"माझ्या कुंकवान काय केल्यान? सरकारान चाय पिऊन कपाळ वाचला."

"ऐक आता. जे घडलं त्याला दोन वर्षं व्हायच्या आत शिफारस वर गेली पाहिजे. कार्तिकात मुदत संपते. मोठ्या साहेबांशी बोललोय मी. तू कचेरीत येऊन जबाब द्यायचा. पण कपाळ मोकळं हवं." नानांनी आवाज उतरवला. "कचेरीच्या आवारात नळ आहे. तिथे पुसायचं. आत जायचं. अर्धा तास. बाहेर आलं की एस.टी. स्टँडवर परत लावायचं. म्हातारीला कळायचं कारण नाही."

तुळसाचा हात कपाळाकडे गेला.

"अगं, एवढं काय त्यात! सरकारनंसुद्धा केलंय हे. सत्त्याहत्तर साली नवं सरकार आलं. त्यांनी भारतरत्न, पद्म, सगळं बंद केलं. पुसून टाकलं. ऐंशी साली जुनं सरकार आलं, त्यांनी पुन्हा सुरू केलं. कुणाचं काय बिघडलं?"

"नाना," तुळसा म्हणाली, "सरकारान पुसला तेव्हा सरकाराची सासू दारात बसलेली नव्हती."

नाना गेले. तिसऱ्या दिवशी बंदरावर सखूनं मासळीचा वाटा मांडता मांडता सहज विचारलं, "गो तुळसा, दिवाळी जवळ इली. घोवान मुंबयसून लुगडा धाडल्यान काय?" आजूबाजूच्या चारपाच जणी खाली बघून हसल्या. तुळसानं त्या दिवशी सखूला उत्तर दिलं नाही. बंदरावर हे प्रथमच घडलं. दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एस.टी.नं तालुक्याला गेली. सासूला सांगितलं, डोळ्यांच्या औषधाला जातेय.

नाना नळापाशी उभेच होते. परीटघडीचं धोतर, खांद्यावर उपरणं. वराचा बाप असावा तसे. तुळसानं नळ सोडला. पदर ओला केला. कुंकू पुसायला वेळ लागत नाही म्हणतात. तिला लागला. दोन वर्षं रोज दाबून लावलेलं, कातडीत उतरलं होतं. घासून घासून कपाळ लाल झालं आणि मग कुंकवाचं लाल कुठलं आणि घासल्याचं कुठलं, ते समजेना. पाणी भरायला आलेला शिपाई कळशी खाली ठेवून बघत राहिला.

"काय बघतस?" तुळसा म्हणाली. "सरकारी काम हा."

आतले साहेब तरुण होते. सभ्य होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, हे वाईटच झालं, कारण वाईट बोलणाऱ्याला उत्तर देणं तिला सोपं जायचं. साहेबांच्या हातात पेनाचं टोपण होतं. ते लावायचे, काढायचे. त्यांनी मास्तरांचा जबाब वाचला.

"तीन माणसं वाचवली. चौथ्या खेपेला पाण्यात कोण होतं?"

"ठावक नाय."

"कोणीच नव्हतं, असं दिसतं. मग मृत्यू जीव वाचवताना झाला, असं म्हणता येईल का?" हे त्यांनी नानांना विचारलं.

"साहेब, तो वाचवायलाच गेला होता," नाना म्हणाले.

"हो, पण वाचवायला कोणी नव्हतं ना. म्हणजे सर्वोत्तम बसत नाही. उत्तम बसेल कदाचित."

तुळसा म्हणाली, "नुसता दिलात तरी चलात. फक्त तो मेलो म्हणून लिवा."

"तीच तर अडचण आहे, बाई." साहेबांनी टोपण लावलं. "प्रेत मिळालेलं नाही. कोर्टाच्या हिशोबानं माणूस बेपत्ता झाल्यापासून सात वर्षं कुणाला काही कळलं नाही, तर तो मयत धरता येतो. तुमची झालीत दोन."

"आणि पदकाची मुदत?"

"दोन."

तुळसानं बोटांवर मोजलं नाही, पण मोजल्यासारखी थांबली. "आमच्या घरात बारा," ती म्हणाली. "कोर्टात सात. पदकात दोन. मेल्ल्यान कोणाच्या पंचांगान मरूचा, साहेबांनू?"

साहेब हसले. मनापासून हसले. मग म्हणाले की मार्ग आहे. डोळ्यांदेखत बुडालेला माणूस असला आणि घरच्या सगळ्यांचा एकच जबाब असला, तर पंचनाम्यावरून मृत्यूची नोंद करून घेता येईल. "पण घरच्या सगळ्यांचा जबाब एक नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी फाईलीच्या तळाशी गेलेला एक कागद वर काढला.

तो पोलिसांपुढचा जबाब होता. घटना घडल्यापासून तिसऱ्या दिवशीचा. साहेबांनी वाचला. 'माझा मुलगा गंगाराम हा मयत नाही. तो पोहण्यात तरबेज आहे. तो पलीकडे लागून मुंबईस गेला असावा. तेथे ससून डॉकवर आमच्या ओळखीचे लोक आहेत. तो घरी भांडून गेला आहे. तरी त्याचे नाव मयतांत घालू नये. वाचून दाखवला, बरोबर आहे.' खाली डाव्या हाताचा अंगठा. भागूबाई.

तुळसा त्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हातारी देवळात जाते म्हणून एकटी बाहेर पडली होती. दुपारी आली ती अंगठा भिंतीला घासत. काय लागलं विचारलं, तर म्हणाली, मेणवातीची काजळी. तेव्हा होड्या अजून खाडीत फिरत होत्या. म्हणजे ससून डॉक बंदरावर जन्मलं नव्हतं. भावजीनं ते पाहिलं नव्हतं. ते तिच्या घरातून निघालं होतं. दोन वर्षं ती ज्या तोंडांवर थुंकत होती, ती सगळी तोंडं म्हातारीचीच गोष्ट चघळत होती. पोराचं मेलेलं नाव नको म्हणून आईनं त्याचं जिवंत नाव घालवलं होतं. पळपुटा तर पळपुटा, बाई ठेवलेला तर बाई ठेवलेला. असू दे कुठेतरी.

"भांडून गेला होता का?" साहेबांनी विचारलं.

"जाळां शिवीत होतो," तुळसा म्हणाली.

"मग सोपं आहे." साहेबांनी कोरा कागद पुढे घेतला. "तुमच्या जबाबात लिहितो की सासू वृद्ध असून भ्रमिष्ट आहे आणि तिचा जबाब खोटा आहे. तुम्ही सही करा. मग एक दिवस त्यांना इथे घेऊन या. मी स्वतः त्यांना समजावून सांगतो की मुलगा गेला. त्या नवा अंगठा देतील. तासाभराचं काम. शिफारस वेळेत जाईल."

"वा! उत्तम!" नाना म्हणाले.

तुळसानं बाकाकडे पाहिलं. लाकडी बाक, एका टोकाला फळी उचकटलेली. त्याच्यावर म्हातारी बसेल. पाय जमिनीला टेकणार नाहीत. हा सभ्य माणूस टोपण लावील, काढील आणि तिला समजावून सांगेल. सभ्यपणानं सांगेल. चहा मागवील. म्हातारी ऐकेल आणि अंगठा पुढे करील, कारण साहेबापुढे अंगठा पुढे करायचा एवढं तिला माहीत आहे. आणि मग ती घरी येईल तेव्हा घरात काय येईल? गंगाराम मेला असा छापील कागद. तो तुळसाला हवा होता. दोन वर्षं हवा होता. आताही हवा होता.

"लिवा," ती म्हणाली.

"हं, सांगा."

"माझो घोव मुंबयक हा."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"ससून डाकवर. बर्फाच्या गाडयेर. बाई ठेवल्यान हा. सासू सांगता ता खरा हा. तिका भ्रम नाय. लिवा."

"तुळसा! काय बोलतेस हे?" नाना उठून उभे राहिले. "साहेब, ती रागात..."

"बाई, तुम्हाला कळतंय ना? हे लिहिलं की प्रकरण संपलं. पुन्हा उघडता येणार नाही."

"म्हणानच सांगतंय. लिवा आणि शिक्को मारा."

साहेबांनी लिहिलं. ते सभ्य होते, त्यांनी वाचूनही दाखवलं. तुळसानं सही केली. चौथीतली सही, मोठ्या अक्षरांची. नळापाशी नानांनी तिला गाठलं.

"दिल्लीचं पदक होतं, तुळसा. घराण्याचं नाव झालं असतं. गावाचं झालं असतं. मी साप्ताहिकात बातमी देऊन बसलोय!"

"मगे आता दुसरी द्या."

"तू नवऱ्याच्या नावाला काळं फासलंस."

"ता फासूक गाव हा. मी नुसती सही केलंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "नाना, तुमच्या आजोबांनी सतरा पोरां लढायेक घालवल्यानी, तेंका सनद गावली. माझ्या घोवान तीन माणसां काढल्यान, तेका वर्ग ठरना. ह्या दुकान तुमचा. तुम्हीच चालवा. भिंत मोकळी हा ना? मगे आणखी कोणी मेल्लो बघा. फक्त बिगर सासूचो बघा."

नाना उपरणं सावरत कचेरीत परत शिरले. साप्ताहिकवाल्याला निरोप धाडायला त्यांना टेलिफोन हवा होता. पण अंक छापून झाला होता. 'नाट्याच्या कै. गंगारामास पदकाची शिफारस' अशी बातमी त्या आठवड्यात आली. पुढच्या अंकात कोपऱ्यात दोन ओळी आल्या. सदर इसम मुंबईस हयात असल्याचे खात्रीलायक समजते, वाचकांनी दुरुस्ती करून घ्यावी. बंदरावर तो अंक एक महिना फिरला. सखू म्हणाली, "तरी मी सांगी होतंय." दुरुस्ती करून घ्यायची गरज फक्त तुळसाला होती. ती आपली पाटी मांडून बसायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, "व्हय, मुंबयक हा. बरो हा." एवढं बोलून ती विचारणाऱ्याकडे अशी बघायची की माणूस सरंगा न बघताच उचलून न्यायचा.

ते सगळं पुढचं. त्या दिवशी तिनं एस.टी. स्टँडवर, उसाच्या रसाच्या दुकानातल्या आरशात बघून कुंकू लावलं. कडा नीट आल्या नाहीत. घरी पोचली तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. भागूबाईनं भात चुलीवर ठेवला होता. ती सुनेजवळ आली, अगदी जवळ, आणि मान वर करून तिच्या कपाळाकडे बघत राहिली. हिला दिसतंय किती, ते तुळसाला कधीच कळलं नव्हतं.

"खंय गेल्लंस?"

"कचेरीत."

म्हातारीनं भिंत धरली.

"सायबान बोलावल्यान," तुळसा म्हणाली. "गंगाराम खंय हा म्हणान इचारी होते. मी सांगितलंय, मुंबयक हा. तुझो जबाब होतो थंय. सायब म्हणाले, म्हातारी सांगता ता बरोबर. लिवून घेतल्यानी."

"सरकारान लिवल्यान?"

"लिवल्यान."

"शिक्को मारल्यान?"

"मारल्यान. गोल."

भागूबाई खाली बसली. मग तिनं ताट ओढून घेतलं आणि भात वाढायला सांगितला. जेवताना ती बोलत नसे. त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला, आणि दुसऱ्यांदा घेताना म्हणाली,

"आता सरकाराकच ठावक हा, तर लपवूचा काय? उद्या पत्र घाल त्याका."

तुळसानं कालवणाचा टोप पुढे ओढला.

"म्हणा, रागान गेलंस ता गेलंस. येव नको तर नको येव. सुखी रव. पण आवशीचे डोळे गेले, चष्मो धाड म्हणा."

"खंय घालू पत्र?"

"ससून डाक. नाव घातलास की पोचता. आणि उत्तर इला की माका वाचून दाखव."

म्हातारी घास चावत वाट बघत होती. तुळसानं तिच्या भातावर कालवण वाढलं. मधली कोलंबी वेचून तिच्या बाजूला सारली.

"कसलो चष्मो लिवू?" तिनं विचारलं. "जवळचो, काय लांबचो?"

"लांबचो," भागूबाई म्हणाली.